तरुणांना वस्ताद हवा

नुसत्या जोर-बैठकांनी पैलवान तयार होत नाही. कोणता डाव कोणाच्या अंगाला बसतो, कोणती कुस्ती आज धरावयाची आणि कोणती वर्षभर टाळावयाची, हे ठरविणारा वस्ताद तालमीत लागतो. नोकरी, धंदा व सार्वजनिक कार्य यांच्या आखाड्यातही असेच आहे. हा वस्ताद नेमके काय करतो, ते एका थोर गुरुपरंपरेवरून पाहू.

गोपाळ कृष्ण गोखले १८८४ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी बी. ए. झाले व पुढे पुण्यास शिक्षक झाले. वडील लवकर वारलेले. थोरल्या भावाने ओढाताण सोसून शिकविलेले. अशा या होतकरू तरुणास न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी हाताशी धरले. १८८७ पासून सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे काम गोखल्यांकडे आले. रानड्यांनी त्यांना भाषणे ठोकण्याचे धडे दिले नाहीत. सरकारी अहवाल वाचावयास, आकडे पडताळावयास व अर्ज लिहावयास लाविले. इतक्या मेहनतीच्या अर्जांना सरकारकडून कोरडे उत्तर आले की शिष्य खट्टू होई. तेव्हा रानड्यांनी समजाविले की, हे अर्ज नावाला सरकारसाठी. खरे पाहता ते आपल्याच लोकांना विचार करावयास शिकविण्यासाठी आहेत. हाती आलेले फळ आणि कामाचा हेतू यांतील भेद दाखविणे, हे वस्तादाचे पहिले काम.

याच तालमीच्या बळावर गोखल्यांनी १८९७ मध्ये लंडनला वेल्बी आयोगापुढे साक्ष दिली. १९०१ मध्ये रानडे निवर्तले. दुसऱ्याच वर्षी व्हाइसरॉयच्या कौन्सिलात गोखल्यांचे अंदाजपत्रकावरील पहिले भाषण गाजले. गुरू नसतानाही गुरूने लाविलेली शिस्त टिकते, ती अशी.

हाच वारसा गोखल्यांनी पुढे चालविला. १९१५ मध्ये गांधीजी आफ्रिकेहून परतले, तेव्हा कीर्ती त्यांच्या आधीच येऊन पोहोचली होती. तरी गोखल्यांनी सांगितले की, वर्षभर देश पाहा आणि मत देऊ नका. गांधीजींनी ते मानले. शिष्याचा जोर ओसंडत असताना त्याला थांबविणे, हे वस्तादाचे दुसरे काम. आणि तेच सर्वांत अवघड. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत गोखले वारले, पण शिष्याने दिलेला शब्द पाळला.

दोघांची सर्व मते जुळत होती असे मात्र नाही. भारत सेवक समाजाच्या सभासदांना गांधीजींचे विचार पटण्यासारखे नव्हते. तरीही त्यांच्या आश्रमास लागेल तो पैसा द्यावा, अशी व्यवस्था गोखल्यांनी करून ठेविली. शिष्याला आपली प्रतिकृती न करता त्याच्या वाटेने जाऊ देणे, हे तिसरे काम. या मोकळेपणाचे फळ पुढे आपल्या सुरत जिल्ह्यानेच पाहिले: १९२८ मध्ये बारडोलीस, आणि १९३० मध्ये दांडीस, जे तेव्हा याच जिल्ह्यात होते.

हे सर्व येथे सांगण्याचे कारण असे. खानदेशातून येऊन उधना-लिंबायत भागात स्थिरावलेल्या आपल्या कित्येक घरांतून पहिलाच पदवीधर आता बाहेर पडत आहे. फी भरावयास पैसा कसाबसा उभा राहतो. पण पुढे काय, हे विचारावयास घरात कोणी नसते. मग मित्र जिकडे गेला तिकडे मुलगा जातो. मुलीच्या बाबतीत तर पुष्कळदा प्रश्नच विचारला जात नाही.

याला उपाय खर्चाचा नाही. आपल्या समाजात गिरणीतले, हिऱ्याच्या कारखान्यातले, शाळेतले, बँकेतले अनुभवी लोक आहेत. प्रत्येकाने एका मुलास वा मुलीस वर्षभर हाताशी धरावे. त्याचे काम वाचावे, चूक स्पष्ट सांगावी, ओळखीच्या माणसाकडे न्यावे. जे आपल्याला ठाऊक नाही, ते ज्याला ठाऊक आहे त्याच्याकडे पाठवावे. निर्णय मात्र त्याचा त्याने घ्यावा. तरुणांनीही नुसता आशीर्वाद मागू नये. आपले काम घेऊन यावे आणि टीका ऐकण्याची तयारी ठेवावी.

शिष्यवृत्तीने मूल कॉलेजच्या दारापर्यंत पोहोचते. दारापलीकडची वाट दाखविण्यास माणूसच लागतो, आणि तो आपल्यांतलाच असावा.