मशीन आणले, पण गुण आला का?

रे रोड स्टेशनच्या पूर्वेला दारूखाना आहे. लोखंडाच्या वखारी, भंगाराचे ढीग आणि रस्त्याच्या कडेला ओळीने उभे ट्रक. भरदुपारी केबिनमध्ये घोरत पडलेला ड्रायव्हर इथे कोणाला नवा नाही. ‘दमला आहे, झोपू दे’, असे आपण म्हणतो. पण घोरता घोरता श्वास अडत असेल, मग दचकून सुरू होत असेल आणि रात्रभर झोपूनही दिवसा डोळे मिटत असतील, तर तो स्लीप ॲप्निया असू शकतो. स्टिअरिंगवरची एक डुलकी काय करते, ते सांगायला नको.

माहीमच्या हिंदुजा हॉस्पिटलात डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी नेहमीच्या तपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या ६५८ पुरुषांची पाहणी केली. २००४ साली ती प्रसिद्ध झाली. झोपेत श्वास अडण्याचा दोष १९.५ टक्के, तर त्यासोबत दिवसा झोप येण्याचा त्रास ७.५ टक्के पुरुषांत असल्याचा अंदाज निघाला.

तासाभरात श्वास किती वेळा अडतो किंवा मंदावतो, त्यावरून आजार मोजतात. ५ पेक्षा कमी म्हणजे ठीक, ३० किंवा त्याहून अधिक म्हणजे तीव्र. तीव्र आजारात बहुधा सीपॅप मशीन देतात. मास्कमधून येणाऱ्या हवेच्या दाबाने घशाची वाट उघडी राहते. सकाळी मशीन आकडा दाखवते: २. घरचे निश्चिंत होतात.

इथेच फसगत होते. मशीन फक्त मास्क लावलेले तास मोजते. समजा, आठ तासांच्या झोपेत मास्क चारच तास होता. त्या वेळी आकडा २, उरलेले चार तास ४०. रात्रीची सरासरी २१! म्हणजे आजार अजून आहेच. त्यातून पहाटेकडे स्वप्नांची झोप वाढते आणि पुष्कळांचा श्वास त्याच झोपेत जास्त अडतो. सहरीला किंवा फजरला उठून पुन्हा आडवे होणाऱ्यांनी म्हणूनच मास्क पुन्हा लावावा.

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात हृदयविकार किंवा मेंदूविकार असलेल्या २,७१७ रुग्णांना घेतले होते. मशीनचा सरासरी वापर रात्री ३.३ तासच झाला. दिवसाची झोप कमी झाली, जगणे सुधारले. हृदयविकाराचे व पक्षाघाताचे झटके मात्र कमी झाल्याचे दिसले नाही. जबड्याला लावायचे साधन श्वासाचा आकडा सीपॅपइतका खाली आणत नाही, पण लोक ते जास्त तास वापरतात. म्हणून कोणताही उपचार दोन्ही बाजूंनी तपासावा: किती चालतो आणि किती वापरला जातो.

तिसरे माप दिवसाचे. ऑस्ट्रेलियाचे डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ साली आठ प्रश्नांची एपवर्थ मोजपट्टी मांडली. वाचताना, टीव्ही पाहताना, जेवणानंतर स्वस्थ बसल्यावर डुलकी लागण्याची शक्यता किती? प्रत्येकाला ० ते ३ गुण. बेरीज १०च्या वर गेली, तर डॉक्टरांना सांगावे. रोजी जाईल या भीतीने ड्रायव्हर कमी गुण लिहितो. म्हणून बायकोलाही विचारावे. घोरणे ऐकणारी तीच असते.

आमचे सांगणे एवढेच: उपचाराआधी ही बेरीज वहीत लिहा, रक्तदाब लिहा. महिन्याने पुन्हा लिहा, मशीनचे तासही त्यात टिपा आणि ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. मास्क टोचत असेल, नाक कोरडे पडत असेल, तर मशीन कपाटात ठेवू नका. मास्क बदलून मिळतो, हवेत ओलावा देण्याची सोय असते. आणि दिवसा डोळे मिटत असतील, तोवर किल्ली हातात घेऊ नका.