घर आवरणे हाही उपचाराचाच भाग

रुग्ण बरा होऊन घरी गेला की रुग्णालयाचे काम संपले, अशी सर्वसाधारण समजूत असते. आमच्या हिशेबाच्या वहीतही त्या दिवशी त्याच्या खात्याखाली रेघ ओढली जाते. परंतु ज्या घरी रुग्ण परततो तेथे वॉकर टेकवण्यापुरतीही जागा नसेल, तर त्या रेघेला फारसा अर्थ उरत नाही. काही वर्षांपूर्वी हा अनुभव आम्हांस आला. त्यात आमचीही चूक झाली होती. म्हणूनच तो देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे आप्त यांच्यासमोर मांडणे आम्हांस कर्तव्य वाटते.

गिरगावातील एका चाळीत एकट्या राहणाऱ्या आजी खुब्याचे हाड मोडल्यामुळे आमच्याकडे दाखल झाल्या. घरातच वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यास पाय अडखळून त्या पडल्या होत्या. दोन खोल्यांत अनेक वर्षांची रद्दी, श्रीखंडाचे रिकामे डबे, औषधांच्या बाटल्या, लग्नपत्रिका, जुनी देयके व पिशव्यांत पिशव्या असा संचय छतापर्यंत गेला होता. दारापासून पलंगापर्यंत जेमतेम अंग चोरून जाता येईल एवढीच वाट होती. आजींना घरी पाठवण्यापूर्वी जागा मोकळी करून घ्यावी, असे आम्हीच त्यांच्या चिरंजीवांना सुचवले. त्यांनी व सूनबाईंनी रजा काढून दोन दिवसांत टेम्पो भरून सारे हलवले. भिंतींना रंगही दिला. आजी घरी आल्या, त्यांनी चहूकडे पाहिले आणि "हे कुणाचं घर?" एवढेच विचारले. टाकलेल्या कागदांत त्यांच्या दिवंगत यजमानांच्या हातच्या हिशेबाच्या वह्या होत्या, हे मागाहून कळले. आजींनी मुलाशी बोलणे सोडले. पुढच्या दिवाळीपर्यंत त्या खोल्या पुन्हा भरल्या होत्या.

व्याधीचे स्वरूप

जपून ठेवणे हा आपल्याकडे गुणच मानला जातो. टंचाईचे दिवस पाहिलेल्या पिढीने दोरीचा तुकडाही टाकला नाही, आणि त्यात काही वावगे नव्हते. परंतु वस्तू टाकण्याच्या नुसत्या विचाराने जीव कासावीस होतो, स्वयंपाकघरात स्वयंपाक करता येत नाही, पलंगावर निजता येत नाही, तेव्हा ती काटकसर राहत नाही. वस्तुसंचयाच्या या विकारास अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 साली स्वतंत्र व्याधी म्हणून स्थान दिले. 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणातही तिचा स्वतंत्र उल्लेख आहे. ही प्रवृत्ती बहुधा तरुणपणी सुरू होते व वयाबरोबर वाढत जाते. जोडीदाराच्या निधनासारख्या आघातानंतर ती अनेकदा बळावते. मात्र उतारवयात असा संचय एकाएकी सुरू झाला, तर स्मृतिभ्रंशाची शक्यता तपासून घ्यावी. सारांश, टेम्पो बोलावण्यापूर्वी मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घेणे अगत्याचे आहे.

या विकारावर विचार व वर्तन यांत हळूहळू बदल घडवणारी संवादात्मक उपचारपद्धती उपयोगी पडते. सोबत नैराश्य असेल, तर त्यावर औषधे दिली जातात. बळजबरीने घर रिकामे केल्यास मूळ दुखणे तसेच राहते आणि आप्तांवरील विश्वास मात्र जातो.

आवरण्याचा क्रम

दुसऱ्या खेपेस आमच्या समाजसेविकेने आजींची संमती घेऊनच कामास आरंभ केला. त्यातून जो क्रम ठरला, तो असा.

प्रथम जिवाच्या सुरक्षिततेचे पाहावे. पलंगापासून मोरीपर्यंत व दारापर्यंतची वाट वॉकर जाईल एवढी रुंद करावी. गॅसची शेगडी, विजेच्या तारा व बटणे यांच्याजवळील कागद, कपडे आधी दूर करावेत. साचलेले पाणी ओतून द्यावे, कारण डेंग्यूचे डास त्यातच वाढतात.

काम सुरू करण्यापूर्वी खिडक्या उघडून काही वेळ हवा खेळू द्यावी. हातमोजे, मुखपट्टी व बंद पादत्राणे वापरावीत. उंदरांच्या लेंड्या कोरड्या झाडूने झाडू नयेत. जंतुनाशक पाण्याने भिजवून मग पुसून काढाव्यात. उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, हे मुंबईकरांस पावसाळ्यात वेगळे सांगावयास नको. ब्लीचिंग पावडर व संडास धुण्याचे ॲसिड कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

वस्तूंची निवड सोप्यापासून सुरू करावी. नासलेले अन्न व फुटके डबे आधी; पत्रे, छायाचित्रे व दिवंगतांच्या वस्तू सर्वांत शेवटी. ठेवायचे, द्यायचे, टाकायचे असे तीन ढीग असावेत आणि ज्याचा निर्णय होत नाही त्यासाठी तारीख घातलेले एक खोके असावे. निर्णय रुग्णाचाच असावा. इतरांनी वस्तू केवळ त्याच्या हाती द्यावी. एका वेळी तासाभरापेक्षा अधिक काम करू नये. रद्दीचा प्रत्येक गठ्ठा उलगडून पाहावा. आजींच्या वर्तमानपत्रांतून मुदतठेवीच्या पावत्या, रेशनकार्ड व नोटाही निघाल्या. पहिल्या वेळी टेम्पोतून काय काय गेले असेल, या विचाराने आम्ही आजही अस्वस्थ होतो.

या कामास सात महिने लागले. घर चकचकीत झाले नाही. परंतु आजी वॉकर घेऊन गॅलरीत येऊन बसू लागल्या. रविवारी चिरंजीव व सूनबाई तेथे जेवावयास येतात. खिडकीखाली कागदांचा एक गठ्ठा अद्याप आहे. त्यास आजींच्या सांगण्यावरून कोणीही हात लावलेला नाही. समाजसेविकेची महिन्यातून एक भेट मात्र चालू आहे, कारण संचय पुन्हा वाढण्याची शक्यता नेहमीच असते.

ज्यांच्या घरी असा प्रश्न आहे, त्यांनी संकोच न करता आमच्या समाजसेवा विभागाशी बोलावे. केंद्र शासनाची 'टेली मानस' ही दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. समाजसेविकेचा वेळ, मजुरी, हातमोजे व टेम्पोचे भाडे रुग्णाच्या कोणत्याच देयकात बसत नाही. ते रुग्णसाहाय्य निधीतून होते. आमच्या देणगीदारांच्या नावाची पाटी त्या चाळीत कोठेही लागलेली नाही. मात्र दारापासून पलंगापर्यंतची ती मोकळी वाट त्यांच्याच दानातून झाली आहे, याची कृतज्ञतापूर्वक नोंद आम्ही येथे करीत आहोत.