टी ६१ : आपलं दुखणं सांगणारा लॅपटॉप

लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात ‘नो डिस्प्ले’ हे दोन शब्द दिवसभर कानावर पडतात. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की दिल्लीचं नेहरू प्लेस, जुनी मशीनं याच तक्रारीनं येतात. बटण दाबलं तरी पडदा काळाच, एवढंच गिऱ्हाइकाला दिसतं. प्रत्यक्षात त्या काळ्या पडद्यामागे पाच-सहा वेगवेगळे बिघाड असू शकतात. काही दोन मिनिटांत, पैसाही खर्च न होता निघतात. एखाद्यापुढे मात्र मुरलेला कारागीरही हात टेकतो. नेमका बिघाड कुठला हे ओळखायला शिकायचं असेल, तर त्यासाठी थिंकपॅड टी ६१ सारखं दुसरं यंत्र सापडणं अवघड.

थिंकपॅडचं घराणं १९९२ सालचं. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात आयबीएमनं ७००सी हे मॉडेल आणलं. काळ्या, चौकोनी पेटीचं रूप रिचर्ड सॅपर या जर्मन डिझायनरचं. जपानी जेवणाच्या डब्यावरून त्याला ते सुचलं होतं. आतली रचना जपानमधल्या यामातो इथल्या प्रयोगशाळेत आरिमासा नाइतो यांच्या हाताखाली आकाराला आली. २००५ मध्ये आयबीएमचा हा धंदा लेनोव्होकडे गेला आणि २००७ मध्ये टी ६१ बाजारात आला. इंटेलचा कोअर टू ड्युओ प्रोसेसर, डीडीआर-२ रॅम, सांगाडा मॅग्नेशियमचा. याच मालिकेतला टी ६१पी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरही अंतराळवीरांच्या वापरात होता.

हे मशीन आजही कारागिरांना आवडतं, याचं कारण त्याच्या पाठीवरच दिसतं. स्क्रू कशाचा आहे हे तिथे छोट्या चित्रांनी दाखवलेलं असतं. रॅमचा स्क्रू वेगळा, कीबोर्डचा वेगळा. बॅटरी खटका सरकवला की हातात येते. शिवाय कंपनीनं दुरुस्तीचं संपूर्ण पुस्तक सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. कुठला भाग कुठल्या क्रमानं काढायचा, कोणत्या लक्षणावर काय तपासायचं, हे सगळं त्यात आहे.

तपासणीची सुरुवात पडद्यापासून करायची नाही, विजेपासून करायची. टी ६१ चा अडॅप्टर २० व्होल्टचा. मल्टिमीटर लावला की तो धड आहे की नाही ते लगेच कळतं. वीज नीट असूनही मशीन हूं की चूं करत नसेल, तर अडॅप्टर आणि बॅटरी दोन्ही काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरायचं. बोर्डवर साठून राहिलेला विद्युतभार त्यानं उतरतो. मग बॅटरी बाजूलाच ठेवून नुसत्या अडॅप्टरवर मशीन सुरू करून पाहायचं. मृत म्हणून आलेली बरीच मशीनं इथेच उठून बसतात.

पुढचा प्रश्न असा, की मशीन खरंच बंद आहे की फक्त दिसत नाही? पडद्याच्या वरच्या कडेला टी ६१ मध्ये एक बारीक दिवा आहे, अंधारात कीबोर्ड दिसावा म्हणून दिलेला. ‘एफएन’ आणि ‘पेज अप’ ही बटणं एकत्र दाबली की तो लागतो. पडदा काळा आणि तरीही हा दिवा लागतो, याचा अर्थ बोर्डवर वीज खेळते आहे आणि कीबोर्ड सांभाळणारी चिप जागी आहे. मग व्हीजीए पोर्टला बाहेरचा मॉनिटर जोडायचा आणि ‘एफएन’ व ‘एफ ७’ दाबायचं. तिथे चित्र आलं, तर मदरबोर्डची बरीचशी काळजी मिटते. दोष पडद्यात, त्याच्या केबलमध्ये किंवा पडद्यामागच्या प्रकाशात उरतो.

त्या काळातल्या बहुतेक लॅपटॉपप्रमाणे टी ६१ च्या पडद्यामागे एलईडी नाही, कोल्ड कॅथोड प्रकारची बारीक काचेची नळी आहे. तिला पेटायला शेकडो व्होल्टचा एसी दाब लागतो. तो तयार करते इन्व्हर्टर नावाची चिंचोळी पट्टी. नळी थकली की पडदा सुरू होताना गुलाबी-लालसर दिसतो, मग काही वेळानं सावरतो. इन्व्हर्टर गेला की पडदा क्षणभर उजळून विझतो किंवा उजळतच नाही. अशा वेळी खोलीत अंधार करून पडद्यावर तिरका टॉर्च मारायचा. अक्षरं अंधुक दिसली, तर चित्र तयार होतं आहे, फक्त त्यामागचा दिवा गेला आहे. इन्व्हर्टर बदलणं जमण्याजोगं काम आहे. नळी बदलायला मात्र पडदा उघडावा लागतो आणि हात स्थिर हवा. हौशी मंडळी नळीऐवजी एलईडीची पट्टीही बसवतात.

झाकण मागे-पुढे करताना चित्र थरथरत असेल, ठरावीक कोनातच दिसत असेल, तर संशय केबलवर घ्यायचा. ती बिजागरीतून जाते. रोज उघडझाप होऊन तिच्या आतल्या तारा थकतात.

बाहेरच्या मॉनिटरवरही काही नसेल, तर तपास खोल जातो. इथे टी ६१ चा खरा गुण दिसतो. पडदा चालत नसला तरी हे मशीन आवाजानं बोलतं. एकच बीप आणि पडदा कोरा, तर पुस्तक आधी पडद्याचा कनेक्टर काढून पुन्हा बसवायला सांगतं. एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे चित्र तयार करणाऱ्या भागात दोष. संशयितांच्या यादीत मदरबोर्ड, पडदा आणि रॅम. चार-चार आखूड बीपांच्या चार फेऱ्या ऐकू आल्या, तर सुरक्षा चिपचा दोष, म्हणजे पुन्हा मदरबोर्डच. रॅमच्या दोन पट्ट्या आहेत. एकेक काढून, जागा बदलून सुरू करून पाहायचं. दमट हवेत पट्टीच्या सोनेरी कडेवर थर चढतो. खोडरबर हलकेच फिरवलं की तो निघतो.

पडदा लागला पण मशीन पुढे सरकत नाही, अशी तक्रार असेल तर काम सोपं, कारण उत्तर पडद्यावरच लिहिलेलं असतं. ‘०२७१’ म्हणजे तारीख-वेळ हरवली, ‘०२५१’ म्हणजे जपून ठेवलेल्या सेटिंगचा हिशेब जुळत नाही. दोन्हींच्या मुळाशी बहुधा आतली नाण्याएवढी ३ व्होल्टची बॅटरी असते. ‘फॅन एरर’ असं लिहून मशीन स्वतःला बंद करत असेल, तर पंखा फिरत नाही. तो धुळीनं अडला असेल तर साफ केल्यावर फिरतो, झिजला असेल तर बदलावा लागतो.

एक दुखणं मात्र टी ६१ च्या नशिबी जन्मापासून आलं. याचे दोन प्रकार विकले गेले. एकात इंटेलचंच ग्राफिक्स, दुसऱ्यात एनव्हिडियाची क्वाड्रो एनव्हीएस १४०एम ही वेगळी चिप. २ जुलै २००८ रोजी एनव्हिडियानं जाहीर केलं, की लॅपटॉपसाठीच्या आपल्या काही चिपांच्या जोडणीतलं साहित्य कमजोर आहे आणि त्यापोटी कंपनी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला ठेवत आहे. १४०एम त्याच पिढीतली. सिलिकॉनचा तुकडा खालच्या पट्टीला सूक्ष्म डाखकणांनी जोडलेला असतो. तापताना आणि निवताना दोन्हींचं प्रसरण सारखं होत नाही. वर्षानुवर्षं ओढाताण होऊन त्या कणांना तडे जातात. मग सुरुवातीच्याच पडद्यावर उभ्या रेघा उमटतात, अक्षरं विस्कटतात आणि शेवटी एक लांब, दोन आखूड बीप.

यावर बाजारात चिपला गरम हवा देण्याचा किंवा ‘रीबॉल’ करण्याचा उपाय सुचवला जातो. रीबॉलमध्ये चिपच्या खालचे, बोर्डाला टेकणारे गोळे नवे होतात. तडा मात्र त्याच्या वर, चिपच्या पोटात असतो. उष्णतेनं तो तात्पुरता सांधला जातो, मशीन काही दिवस किंवा महिने चालतं आणि पुन्हा तेच. टिकाऊ उपाय दोनच आहेत : सुधारित चिप बसवणं किंवा इंटेल ग्राफिक्सचा मदरबोर्ड घालणं. काही दिवसांच्या आयुष्यासाठी चिप लेव्हल दुरुस्तीचे पैसे मोजण्यात अर्थ नाही आणि हे गिऱ्हाइकाला आधीच स्पष्ट सांगणारा कारागीरच विश्वासाचा.

टी ६१ आता संग्राहकांच्या आणि हौशी लोकांच्या हाती उरला आहे. इंटेल ग्राफिक्सची मशीनं लिनक्सवर लेखन-वाचनाचं काम आजही करतात. त्याच्यानंतरचे लॅपटॉप पातळ होत गेले. अनेकांची बॅटरी आत बंद झाली, रॅम बोर्डवर डाखली गेली. टी ६१ मध्ये दोन मिनिटांत होणाऱ्या तपासण्या त्यांत एक तर अवघड झाल्या किंवा अशक्यच. भारत सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, ते अशाच अडचणींसाठी. नवा लॅपटॉप घेताना प्रोसेसर आणि किंमत विचारतो, तसंच दुरुस्तीचं पुस्तक मिळतं का, बॅटरी आणि रॅम बदलता येते का, हेही दुकानदाराला विचारायला हवं.

घरात असा काळ्या पडद्याचा जुना लॅपटॉप पडून असेल, तर आधी त्यातली हार्ड डिस्क काढून घ्या. २.५ इंची डिस्क यूएसबी केसमध्ये घातली की फोटो आणि कागदपत्रं बहुतेक वेळा सुखरूप मिळतात. त्यानंतर वर सांगितलेल्या क्रमानं तपासणी करा. मशीन खरोखरच निकामी निघालं, तर ते भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात द्या, कारण जुन्या पडद्यातल्या त्या नळीत पारा असतो.