वारा कुठे अडला?

मे महिन्यातली दुपार. गोंदियात पारा ४४ अंशांच्या पुढे गेलेला. आईच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी आम्ही गाडीने नागपूरला निघालो होतो. गोरेगावपर्यंत एसीचा वारा जोरात येत होता. मग तो मंदावू लागला. कोहमाऱ्याच्या चौकात महामार्गाला लागेपर्यंत नुसती झुळूक उरली, पंख्याचा आवाज मात्र तसाच. आई घामाने भिजली. साकोलीला अर्धा तास चहापाण्याला थांबलो आणि निघताना पाहतो तर काय, वारा पुन्हा पहिल्यासारखा! गाडीखाली मात्र पाण्याचे भले मोठे थारोळे.

परतल्यावर मेकॅनिकला दाखवले. त्याचे निदान तयारच होते : "गॅस कमी झाली असन जी, भरून टाका."

हे निदान आपण सर्वांनी ऐकलेले आहे. पण गॅस कमी झाला तर वारा कमी थंड होईल. वाराच कमी का व्हावा? वारा गॅस पुरवत नाही, पंखा पुरवतो. तेव्हा आधी वाऱ्याची वाट तपासू.

काचेखालच्या जाळीतून बाहेरची, किंवा गाडीतलीच हवा पंखा ओढून घेतो. बहुतेक गाड्यांत ती एका गाळणीतून, म्हणजे केबिन फिल्टरमधून जाते. पुढे बाष्पीकारकाच्या, म्हणजे कूलिंग कॉइलच्या, थंडगार पातळ पात्यांमधून ती सरकते. उष्ण हवा हवी असेल, तर ती इंजिनाच्या गरम पाण्याने तापलेल्या हीटरच्या नळ्यांवरून वळवली जाते. शेवटी छोट्या झडपा तिला तोंडाकडे, पायांकडे किंवा काचेकडे पाठवतात. गरम आणि गार दोन्ही वाऱ्यांची वाट अशी बरीचशी एकच असते. म्हणून मे महिन्यात गारवा अडवणारी घाण डिसेंबरात काचेवरचे धुके पुसणारा वाराही अडवते. धानाच्या बांध्यांवर दाट धुके पडते, तेव्हा हा गैरसोयीचा नाही, अपघाताचा प्रश्न असतो.

आता आमच्या गाडीकडे वळू. फिल्टर काढला तर तो राखाडी गादीसारखा झालेला. आमचा रोजचा रस्ता राईस मिलांच्या बाजूने जातो. सुपाने धान पाखडताना जड दाणा सुपात राहतो आणि हलका तूस वाऱ्याबरोबर उडतो, हे आपण पाहतो. त्याहून बारीक धूळ हवेत तरंगत राहते आणि गाडीचा पंखा ती दिवसभर ओढत असतो.

पण नुसता फिल्टर तुंबला असता, तर वारा घरून निघतानाही अगदीच मंद असायला हवा होता. तो वाटेत आटला आणि थांबल्यावर परत आला. याचे उत्तर त्या थारोळ्यात आहे. कॉइलमधला द्रव (अनेक गाड्यांत आर-१३४ए) साधारण ३ वातावरण दाबाला ० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतो आणि उकळताना हवेतली उष्णता शोषतो. फिल्टरमुळे हवा कमी आली, की कॉइलला उष्णताही कमी मिळते. मग आतला दाब उतरतो, त्याबरोबर उत्कलनबिंदू खाली येतो आणि कॉइल ० अंशाखाली जाते. हवेतली वाफ पात्यांवर बर्फ होऊन बसते. बर्फाने फटी बुजल्या की हवा आणखी कमी, म्हणून बर्फ आणखी जास्त. असे हे दुष्टचक्र. साकोलीला एसी बंद होता, बर्फ वितळला, वाट मोकळी झाली.

खरे तर कॉइल गोठू लागताच काँप्रेसर थांबवणारा एक तापमान-संवेदक तिथे पहारा देत असतो. आमच्या गाडीत तोही जागेवरून सुटलेला निघाला. फिल्टर बदलला, संवेदक नीट बसवला, काम झाले. गॅस भरावा लागला नाही. तो पेट्रोलसारखा खर्च होत नाही. कमी झाला असेल, तर कुठेतरी गळती आहे, आणि ती आधी शोधायला हवी. गॅस कमी असला तरी दाब उतरून कॉइल गोठू शकते, म्हणून फिल्टर व संवेदक ठीक असूनही बर्फ होत असेल, तर गळतीकडे वळावे.

इतर लक्षणेही अशीच बोलकी असतात. पंखा फक्त सर्वांत मोठ्या वेगावर चालत असेल, तर बहुधा रोधक जळलेला असतो. जुन्या पद्धतीच्या गाड्यांत कमी वेगासाठी पंख्याच्या मोटरशी रोधक एकसर जोडतात; पूर्ण वेगाला तो वगळला जातो. पंख्याचा आवाजच नसेल, तर आधी फ्यूज पहावा, मग मोटर. वारा भरपूर, पण तोंडाऐवजी काचेवर येत असेल, तर झडप अडकली आहे. वारा जोरात, पण कोमट असेल, तर मात्र गॅस, काँप्रेसर यांचा विचार करावा.

वर्गासाठी एक प्रयोग. गाडी उघड्यावर, सावलीत, हँडब्रेक लावून उभी करा. इंजिन सुरू न करता फक्त पंखा पूर्ण वेगाने लावा. एकाच झरोक्यावर ३० लिटरच्या प्लॅस्टिक पिशवीचे तोंड घट्ट धरा आणि ती फुगायला किती सेकंद लागतात ते मोजा. समजा १५ सेकंद लागले, तर प्रवाह सेकंदाला २ लिटर. आता फिल्टर काढून, झटकून, परत बसवून पुन्हा मोजा. ६ सेकंद लागले, तर प्रवाह ५ लिटर. पंख्याचा वेग, झरोका आणि पिशवी दोन्ही वेळा तीच का ठेवायची, हे विद्यार्थ्यांनाच विचारा. झटकलेली धूळ पांढऱ्या कागदावर घेऊन भिंगाखाली पाहा. गोंदियाच्या गाडीतली आणि नागपूरच्या गाडीतली धूळ सारखीच दिसते का?