कासच्या सड्यावरचा तीनधारी लव्हा

मेढ्याहून कुसुंबीच्या वाटेने कासच्या सड्यावर जाता येते, तसेच साताऱ्याहून यवतेश्वराचा घाट चढूनही जाता येते. भाद्रपदात कोणत्याही वाटेने वर गेले तरी नजर आधी रंगांवर जाते. तेरडा, सोनकी, सीतेची आसवे, गेंद! पण या सर्वांच्या पायाशी, वितीपेक्षाही कमी उंचीचे, तपकिरी तुऱ्याचे काहीतरी उगवलेले असते. लोक त्याला गवत समजतात आणि त्याच्यावर उभे राहून फुलांचे फोटो काढतात.

वाचकहो, ते गवत नसून लव्हाळ्याच्या कुळातले आहे. ओळखायला सोपे. काडी चिमटीत धरून फिरवून पाहावी. गवताची काडी गोल, बहुधा पोकळ आणि पेरांची असते. लव्ह्याची काडी बहुधा तीनधारी, भरीव आणि बिनपेराची असते. पानेही तीन ओळींत येतात. शेतकऱ्याला हैराण करणारा लव्हाळा, त्याचे सुगंधी गड्डे, सगळे याच कुळातले. पुरातन इजिप्तमध्ये ज्याच्या गाभ्यापासून लिहिण्याचा पपायरस करीत तो उंच लव्हाही त्यातलाच. आम्हा कारकुनांचे पोट कागदावर चालते, म्हणून एवढे सांगावेसे वाटले.

कासच्या सड्यावर या कुळातल्या फिंब्रिस्टायलिस वंशाच्या जाती आढळतात. त्यांनाही फुले येतात, पण पाकळ्या नसतात. पराग वाऱ्याने उडतात, त्यामुळे किडामुंगीला बोलावण्यासाठी रंग लागत नाही. रंग नाही म्हणून फोटो नाही, एवढाच काय तो व्यवहार.

सडा म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे 1,200 मीटर उंचीवर पसरलेला जांभा दगड. त्यावर माती जेमतेम, पुष्कळ ठिकाणी बोटभरच. पावसाळ्यात पाणी साचून राहते, दिवाळी सरली की तोच दगड तापू लागतो. अशा जागी झाड तग धरीत नाही. लव्हा आणि बुटके गवत मुळांच्या जाळ्याने तेवढी माती धरून ठेवतात. काही जाती बी टाकून त्याच साली मरतात, तर काही जमिनीत दबून पुढच्या पावसाची वाट पाहतात. गाडीचे चाक ओल्या सड्यावरून गेले की हे जाळे तुटते, मग पुढची सर ती माती घेऊन जाते. गेलेली माती पुन्हा साठायला किती पिढ्या लागतील, याचा हिशेब कोणत्याच खातेवहीत नाही.

2012 साली युनेस्कोने पश्चिम घाटातील 39 जागांना जागतिक वारसा ठरविले, त्यात कास आहे. गर्दी वाढली. फुले तुडवली जाऊ नयेत म्हणून कुंपणही घालण्यात आले. हेतू चांगला, पण त्यामुळे आसपासच्या गावांची गुरे बाहेर राहिली. चराई थांबल्याने उंच गवत माजते आणि बुटक्या वनस्पती झाकल्या जातात, असे गावकरी आणि काही अभ्यासक सांगू लागले. पुढे ते कुंपण काढण्यात आले.

गुराख्यांच्या या म्हणण्याला दूरच्या तिबेटातून दुजोरा मिळतो. तेथे 3,000 मीटरपासून जवळजवळ 6,000 मीटरपर्यंतच्या कुरणांवर कोब्रेसिया पिग्मिया नावाचा लव्हा वाढतो. उंची अवघी दोन-चार सेंटिमीटर! पण पसारा सुमारे साडेचार लाख चौरस किलोमीटर, म्हणजे जवळपास दीड महाराष्ट्र. त्याच्या मुळांची गादी इतकी घट्ट असते की तेथले पशुपालक तिचे तुकडे कापून भिंती व चुली रचतात. अशा कुरणाचा तुकडा कुंपण घालून याक-मेंढ्यांपासून दूर ठेवला, तेव्हा उंच गवते वाढली आणि हा बुटका मागे पडू लागला. अर्थात जनावरे बेसुमार झाली तर ती गादीही उखडते. कासच्या सड्यावर किती गुरे आणि कोणत्या महिन्यात चरावीत, हे ठरवताना वनखात्याने आजूबाजूच्या गावांतल्या म्हाताऱ्या गुराख्यांना टेबलाशी बसवावे.