डाग मोजून पाहा

कर्जतजवळचं भिसेगाव असो की रायगडातलं दुसरं कुठलं गाव, बाळाच्या अंगावर तपकिरी डाग दिसला की बोल आईलाच लागतो: पोटुशी असताना ग्रहण पाळलं नसणार. हा दोषारोप साफ खोटा आणि क्रूर आहे. ग्रहणामुळे बाळाच्या त्वचेवर कसलाही डाग उमटत नाही.

दुधाळ कॉफीच्या रंगाचे एक-दोन डाग पुष्कळ निरोगी मुलांना असतात. बाळाच्या ढुंगणावरचे निळसर डागही बहुधा काही वर्षांत विरतात. मात्र वयात येण्याआधीच पाच मिलिमीटरहून मोठे सहा किंवा जास्त तपकिरी डाग असतील, काखेत-जांघेत बारीक ठिपके असतील, तर न्यूरोफायब्रोमॅटोसिस प्रकार १ या जनुकीय आजाराची शंका घ्यावी. साधारण ३,००० जणांत एकाला तो असतो. हे डाग दुखत नाहीत, खाजत नाहीत, म्हणून घरचे निर्धास्त राहतात. पण या आजारात दृष्टीच्या नसेवर गाठ येऊ शकते, पाठीचा कणा वाकू शकतो, मूल अभ्यासात मागे पडू शकतं. म्हणून लहानपणी दरवर्षी डोळ्यांची तपासणी हवीच.

‘आमच्या घराण्यात कुणाला नाही’ म्हणून शंका झटकू नका. जवळपास निम्म्या रुग्णांत सतराव्या गुणसूत्रावरच्या जनुकातला बदल नव्यानेच झालेला असतो. आई किंवा वडिलांना आजार असेल, तर प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, तो येण्याची शक्यता ५० टक्के. स्पर्शाने तो पसरत नाही.

पांढरा डाग म्हणजे कोड किंवा जंत, हाही असाच समज. गालावरचे फिकट, खरखरीत चट्टे बहुतेकदा साधे असतात. पण अंगावर पानाच्या आकाराचे तीन किंवा जास्त पांढुरके डाग असतील आणि तान्हं बाळ झोपेतून उठताना लागोपाठ झटके देऊन पुढे वाकत असेल, तर ट्यूबरस स्क्लेरोसिस या आजाराची शंका येते. अशा वेळी दृष्ट काढण्यात वेळ घालवू नका. मोबाइलवर व्हिडिओ घ्या आणि त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञ गाठा. उपचाराला उशीर झाला तर मेंदूच्या वाढीचं नुकसान होतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मोफत तपासणीला येतं. पुढच्या तपासण्यांसाठी परळचं वाडिया बालरुग्णालय कर्जतकरांना लोकलच्याच मार्गावर आहे. पथक आलं की सदरा काढून मुलाची पाठ, पोट आणि काखा डॉक्टरांना दाखवा.