यंत्रभुयाराची रचना आणि वर्णनाची भाषा

कल्पनारम्य भूमिकाखेळांत 'डंजन' हा शब्द आता कोणत्याही बंदिस्त, धोक्याच्या व शोध घेण्याजोग्या जागेस लावला जातो. जुन्या फ्रेंचमध्ये त्याच शब्दाचा अर्थ किल्ल्यातील मुख्य बुरूज असा होता, व त्याचे मूळ लॅटिनमधील 'धनी' या अर्थाच्या शब्दाकडे नेले जाते. धन्याचा बुरूज तळघराची कोठडी झाला, आणि १९७४ साली गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ अमेरिकेत प्रसिद्ध झाल्यावर ती कोठडी मेजावरच्या चौकटीच्या कागदावर उतरली. प्रस्तुत विवेचनाचा विषय या भुयाराचा एक विशिष्ट प्रकार होय: जे भुयार स्वतःच एक अवाढव्य यंत्र आहे ते.

सापळा आणि यंत्र यांत येथे भेद करावयास हवा. सापळा एकदा उडाला की संपतो; यंत्राला मात्र अवस्था असतात, आणि एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाताना सबंध जागेचा अर्थ बदलतो. 'टूम ऑफ अॅनायहिलेशन' (२०१७) या प्रसिद्ध साहसकथेतील समाधीच्या एका मजल्यावर दालने प्रचंड दंतचक्रांत बसविलेली आहेत. चक्र फिरले की काल उघडलेले दार भिंतीला भिडते. मार्ग शोधणे याचा अर्थ तेथे मार्ग घडविणे असा होतो.

रचनाकाराची पहिली चूक येथेच होते. अवस्थांची संख्या किती झपाट्याने वाढते याचा अंदाज सहसा नसतो. दोन स्थितींच्या तीन तरफा ठेवल्या तर यंत्राच्या अवस्था ८ होतात. तीन स्थितींच्या चार तरफा ठेवल्या तर ८१. संगणकाला ८१ अवस्थांचे ओझे नाही. पण मेजाभोवतीच्या खेळात यंत्र चालविणारा एक माणूसच असतो (त्याला मराठीत 'सूत्रधार' म्हणणे सर्वथा उचित ठरेल), आणि त्याच्या हाती एक नकाशा व एक पेन्सिल असते. म्हणून चार स्थितींचे एकच मोठे चाक पुष्कळदा अधिक फलदायी ठरते. मात्र प्रत्येक स्थितीत काही वाट उघडली व काही बंद झाली पाहिजे. जी स्थिती केवळ शोभेची आहे ती काढून टाकावी.

यंत्राला खेळाडूंच्या येण्यापूर्वीचे प्रयोजन असावे, हेही तितकेच आवश्यक आहे. पाणी कोठून येते, कोणता दांडा फिरवते, त्यातून काय दळले किंवा उपसले जात होते, हे ठरले की दालनांची जागा बव्हंशी आपोआप ठरते, आणि खेळाडूला तर्काने पुढे जाता येते. शिवाय पाण्याचा पाट फोडावा, दंतचक्रात पहार अडकवावी, असे रचनाकाराने न योजिलेले उपायही त्यास सुचतात. ते नाकारणारे भुयार यंत्र नसून एकच उत्तर मागणारी परीक्षा असते. संस्कृतात 'यंत्र' हा शब्द 'यम्', म्हणजे आवरणे, या धातूपासून आला आहे; परंतु खेळाडूला आवरणे हे यंत्रभुयाराचे काम नव्हे.

खरा कस मात्र लागतो तो वर्णनात. या खेळातील यंत्र बहुतांशी शब्दांतच अस्तित्वात असते. गायगॅक्स यांची 'एक्स्पेडिशन टु द बॅरियर पीक्स' ही साहसकथा १९८० साली प्रसिद्ध झाली. तीत तलवारधारी वीर डोंगरात कोसळलेल्या एका अंतराळयानात शिरतात. पात्रांच्या भाषेत 'अंतराळयान' हा शब्दच नाही. तेथे दारे रंगीत पत्त्यांनी उघडतात. सूत्रधाराने 'किल्ली' म्हटले की शोध संपला. 'बोटभर जाडीही नसलेला, गुळगुळीत, रंगीत तुकडा' म्हटले की तो सुरू झाला. म्हणूनच या कथेबरोबर चित्रांची पुस्तिका दिलेली आहे: चित्र दाखविते, पण नाव घेत नाही. अनोळखी उपकरण कसे चालते हे ठरविण्यासाठी फाशांच्या दानाप्रमाणे पुढे सरकणाऱ्या आकृत्याही तीत आहेत. त्यांत गंमत आहे खरी. पण शोधाचे श्रेय फाशांकडे जाते, हा त्यांचा दोष होय.

याहून समाधानकारक रीत अज्ञात भाषेच्या अभ्यासकाला परिचित आहे. 'काल' आणि 'काळ' या जोडीत एकच ध्वनी बदलतो व अर्थ बदलतो. त्यावरून ल आणि ळ हे या भाषेत भिन्न घटक असल्याचे कळते. यंत्राशीही खेळाडूने असेच वागावे: एक तरफ हलवावी, बाकी सर्व तसेच ठेवावे, आणि काय बदलले ते पाहावे. त्यासाठी परिणाम जवळच व लगेच जाणवला पाहिजे. तीन मजले खाली दार उघडले आणि वर आवाजही आला नाही, तर त्या प्रयोगातून काहीच निष्पन्न होत नाही.

जेम्स वॉर्ड यांच्या 'मेटॅमॉर्फोसिस अल्फा' (१९७६) या खेळात ही कल्पना टोकास गेली आहे. तेथील रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या एका प्रचंड अंतराळनौकेत राहतात, पण ती नौका आहे हेच विसरले आहेत. अशा ठिकाणी सूत्रधाराने जमिनीला 'जमीन' म्हणावे. खणता खणता धातू लागेल तेव्हा खेळाडूच तिला दुसरे नाव देतील.